पदवीच्या मुलांना मानसशास्त्राच्या संशोधनात घेताना: बेळगाव भागात नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी

आपल्याकडे बी.ए.च्या मुलांची संशोधनाशी ओळख होते ती प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून. म्यूलर-लायर भ्रम, स्मृतिविस्तार, आरशात बघून रेखाटन. वर उद्देश, मध्ये साहित्य, खाली निष्कर्ष. निष्कर्ष वरच्या वर्गातल्या ताईच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेला असतो आणि मुलं तो सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. यात मुलांना दोष देता येत नाही. ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, अशा प्रश्नाला कोण मनापासून भिडेल?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पदवी कॉलेजांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. कायम असा की अतिथी उपन्यासक (गेस्ट लेक्चरर), काम तेच. मुलांना घेऊन छोटे प्रकल्प करताना माझी एक खात्री पटली आहे. कुठल्या दारात कुठल्या भाषेत हाक मारायची, हे इथल्या मुलांना कुणी न शिकवता कळतं. ही जाण बाहेरून आलेल्या संशोधकाला वर्षभर राहूनही येत नाही. प्रकल्प या जाणिवेवर उभा केलात तर मुलं विचार करायला लागतात. ती बाजूला ठेवलीत तर हाती नुसते कागद येतात.

माझ्या हाती एकदा ते आले. पहिल्या प्रकल्पाचा विषय होता यंत्रमागावर काम करणाऱ्या बायकांचा ताण. वडगाव-खासबागच्या गल्ल्यांत फिरायला बारा मुलं-मुली तयार झाल्या. प्रत्येकाला पंचवीस प्रश्नावल्या वाटल्या आणि दोन आठवडे दिले. चार दिवसांत तीनशेच्या तीनशे परत! कितीतरी प्रश्नावल्यांवर एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या खुणा होत्या, ‘कधीकधी’च्या रकान्यात सरळ रेषेत उतरलेल्या. मी वर्गात नको तितकं बोलले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी एकटी भेटायला आली. म्हणाली, “मॅडम, ‘आपणांस औदासीन्य जाणवते का’ असं विचारलं की मावशी माझ्या तोंडाकडं बघत बसते. माग बंद ठेवून ती किती वेळ बसणार? तिची मजुरी विणलेल्या कापडावर.” प्रश्नावली मी एका छापील प्रबंधातून जशीच्या तशी उचलली होती. वाटण्याआधी त्या मुलीला एकदा वाचायला दिली असती, तर तिने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

आधी दिवस मोजा, मग मुलं निवडा

सत्र कागदावर मोठं दिसतं. अंतर्गत चाचण्या, गणपती, दिवाळी, स्पर्धा आणि परीक्षेच्या आधीचे दिवस वजा केले की कामाचे आठ-नऊ आठवडे उरतात. प्रकल्प तेवढ्यात बसवा. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, तेव्हा चौथ्या वर्षाच्या भरवशावर काही आखू नका. पाचव्या सत्रातली मुलं मला सर्वांत सोयीची वाटतात. विषय थोडा मुरलेला असतो आणि शेवटच्या परीक्षेची धास्ती अजून लागलेली नसते.

खानापूरच्या आतल्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांची परतीची बस ठरलेली असते. बैठक दुपारच्या सुट्टीत ठेवा, संध्याकाळी नको. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून मुलींना राज्यातल्या साध्या बसला तिकीट पडत नाही, मुलांना मात्र पडतं. फिरतीचा खर्च कुणाच्या खिशातून जाणार, हे पहिल्याच बैठकीत उघड बोला. लाजेपोटी गळून जाणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ती बहुधा चांगलीच असतात.

सहा ते आठ जण पुरेत. गुणपत्रिका पाहून निवडू नका. घरी मराठी आणि शाळा मराठी, घरी मराठी आणि शाळा कन्नड, घरी कन्नड, घरी उर्दू किंवा दखनी, असं मिश्रण जमवा. या गटात एकमेकांना समजावून सांगताना जे वाद होतील, तेच तुमचं निम्मं शिकवणं.

प्रश्न लहान, आणि उत्तर कुणालाही माहीत नसलेला

‘बेळगाव जिल्ह्यातील युवकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास’ असले विषय मुलं आणतात, कारण प्रबंधांची नावं तशी असतात. ते प्रेमाने बाजूला ठेवा. जुन्या, चांगल्या जोखलेल्या प्रयोगाला आपल्या मातीतला एक छोटा प्रश्न जोडणं, ही नवख्यांसाठी सर्वांत भक्कम वाट आहे.

जुना प्रयोग पुन्हा करण्यात कमीपणा नाही, हे मुलांना पटवायला २०१५ सालचं उदाहरण द्या. अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण परिणाम होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. म्हणजे पुन्हा करून बघणारे हात या विषयाला हवेच आहेत. शिवाय मानसशास्त्राचं बरंचसं ज्ञान पाश्चात्त्य देशांतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवरून जमलेलं आहे, यावर २०१० पासून जगभर चर्चा चालू आहे. तीन लिप्यांत वाचणारी मुलं त्या नमुन्यांत क्वचितच असतात. आपल्या वर्गात ती बाकाबाकावर आहेत.

एक प्रकल्प पायरीपायरीने: तीन लिप्यांतला स्ट्रूप

मी नव्या गटाला हाच प्रयोग आधी देते, म्हणून तो सविस्तर सांगते. जॉन रिडली स्ट्रूप यांनी तो १९३५ साली छापला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो आणि सांगायचा असतो शाईचा रंग. जीभ अडखळते. स्ट्रूप यांच्या प्रयोगात शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, विसंगत शाईतल्या शंभर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११० सेकंद. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नको म्हटलं तरी डोळा शब्द वाचतोच.

आता हे आपल्या वर्गात आणा. मराठी शाळेतून आलेल्या मुलीची पहिली लिपी देवनागरी. कन्नड ती शाळेत विषय म्हणून शिकली, बाजारात बोलली, बसच्या पाट्यांवर वाचत राहिली. इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आली. कुठल्या लिपीपुढे तिची जीभ जास्त अडखळेल? घरी मराठी बोलणाऱ्या पण कन्नड शाळेत शिकलेल्या तिच्या शेजारच्या मुलाचं काय होईल? हा निष्कर्ष कुठल्याही ताईच्या जर्नलमध्ये नाही.

साहित्य घरगुती आहे. पांढरा कार्डशीट, चार रंगांची स्केचपेनं, मोबाईलचं स्टॉपवॉच. एक कार्ड चाळीस रंगीत चौकोनांचं, आणि मराठी, कन्नड, इंग्रजी अशी विसंगत शब्दांची तीन कार्डं, प्रत्येकावर चाळीस शब्द. चौकोनांचं कार्ड प्रत्येक भाषेत एकेकदा म्हणून घ्यायचं. ‘पिवळा’ म्हणायला तीन अक्षरं आणि ‘रेड’ म्हणायला दोन, म्हणून प्रत्येक भाषेचा स्वतःचा पाया लागतो. शब्दकार्डाच्या वेळेतून त्या भाषेच्या चौकोनांची वेळ वजा केली की अडखळण्याचा आकडा हाती येतो.

शब्द निवडायचं काम मुलांवर सोडा आणि तुम्ही गप्प बसा. आमच्या गटाने फळ्यावर लिहिलं: लाल, निळा, हिरवा, पिवळा, त्यापुढे कन्नड केंपु, नीलि, हसिरु, हळदि. आणि तिथेच वाद पेटला. नीलि आणि निळा जवळजवळ एकच. हळदि वाचलं की मराठी मुलाला हळद दिसते, म्हणजे शब्द न शिकताही अर्थ कळतो. बरं, पिवळा काढून काळा घ्यावा, तर कन्नडमध्ये केंपु आणि कप्पु येतात, दोन्ही ‘क’ने सुरू होणारे आणि ‘पु’ने संपणारे, घाईत एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. तास संपला तरी निकाल लागेना. बाह्य चलांवर नियंत्रण म्हणजे काय, हे त्या तासात मुलांना कळलं. तो पारिभाषिक शब्द मी फळ्यावर सर्वांत शेवटी लिहिला.

पुढचा प्रश्न एका मुलाचा होता, माझ्या मनात तो आलाच नव्हता: कन्नड कार्ड बघून उत्तर मराठीत द्यायचं की कन्नडात? प्रश्न अगदी मोलाचा आहे. द्विभाषिकांवरच्या प्रयोगांत असं दिसतं की शब्दाची आणि उत्तराची भाषा एक असली की अडखळणं सहसा जास्त असतं. भाषा वेगळी असेल तर ते कमी होतं, पण जात नाही. आम्ही ‘उत्तर कार्डाच्याच भाषेत’ असं ठरवलं आणि तारीख घालून वहीत लिहिलं. तुम्ही वेगळं ठरवू शकता. पण ते पहिला प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, बसण्याआधी ठरलेलं असलं पाहिजे. अपेक्षा काय आहे, कुणाला वगळणार, कुठला आकडा मोजणार, हेही त्याच पानावर लिहा, सर्वांच्या सह्या घ्या आणि पाकीट बंद करून विभागप्रमुखांकडे ठेवा. इंटरनेटवर अशी आगाऊ नोंद करण्याची मोफत सोय आहे, पण नवख्या गटाला बंद पाकिटाची शिस्त जास्त लवकर कळते.

तीन भाषांचे क्रम सहा होतात. मराठी नेहमी आधी ठेवलं तर शेवटच्या भाषेला सरावाचा फायदा मिळेल किंवा कंटाळ्याचा तोटा होईल. ३६ प्रयोज्य घ्या, दर क्रमाला सहा. हा आकडा हवेतला नाही. एकाच माणसाच्या दोन मोजण्यांतला मध्यम आकाराचा फरक ८० टक्के सांख्यिकीय बळाने, म्हणजे फरक खरा असेल तर दहापैकी आठदा सापडेल अशा बेताने, पकडायला साधारण ३४ जण लागतात. दोन वेगवेगळे गट घेतले तर तोच फरक पकडायला दर गटाला ६४ लागतात. कमी माणसांत जास्त कळावं म्हणून एकच माणूस तिन्ही कार्डांना बसवायचा, हे गणित मुलांकडूनच करवून घ्या.

रंग नीट ओळखता येतात ना, हे चौकोनांवरून आधीच पाहा. एखाद्याचा लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर चारचौघांत त्याची वाच्यता करू नका. आणि गटातल्या प्रत्येकाने आधी स्वतः प्रयोज्य म्हणून बसायचं. समोर घड्याळ घेतलेला माणूस आणि आपली अडखळणारी जीभ, हा अनुभव घेतलेलं मूल दुसऱ्याला कधी हसत नाही.

संमती

पदवीच्या पहिल्या वर्षातली पुष्कळ मुलं सतरा वर्षांची असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठराखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी मान्यताही. प्रयोज्य निवडताना वय आधी विचारा. सुरुवातीच्या प्रकल्पांत अठरा पूर्ण झालेलेच घ्या, काम सोपं होतं.

कॉलेजात नैतिकता समिती नसेल तर प्राचार्यांमार्फत दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून सुट्टीतच अर्ज द्या. आपल्याच वर्गातल्या मुलांना प्रयोज्य करत असाल तर अंतर्गत गुणांचा त्याच्याशी काडीचा संबंध नको, आणि संमती तुम्ही स्वतः मागू नका. शिक्षकासमोर ‘नाही’ म्हणणं आपल्या मुलांना फार जड जातं. गटातल्या मुलांकडून ‘नाही’ ऐकण्याचा सराव करून घ्या. एकीने नकार द्यायचा आणि दुसऱ्याने “बरं, काही हरकत नाही” म्हणून उठायचं. पाचदा केल्यावर आवाजातला आग्रह जातो.

आता गल्लीची गोष्ट. मुलीला तिच्याच गल्लीत पाठवलं तर ती जिला प्रश्न विचारणार, तिची सासूही हिच्या ओळखीची असते. खरं उत्तर येणार नाही, आणि आलं तर ते या मुलीच्या मनावर ओझं होऊन बसेल. म्हणून भाषा ओळखीची आणि गल्ली अनोळखी, असं वाटप करा. अनगोळची मुलं शहापूरला, शहापूरची कंग्राळीला. जोडीने पाठवा, एक विचारणारा आणि एक लिहिणारा. नावाच्या जागी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी तुमच्या कुलपात. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल पत्ते गोळा करणारी सोय बंद आहे ना, हे स्वतः तपासा.

मातृभाषेचा रकाना पहिल्या पानावर कधीही ठेवू नका. सीमाभागात दारावर येऊन कुणी मातृभाषा विचारली की माणूस आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघतो. हे शिरगणतीचं आहे की मतदारयादीचं, उद्या कुठे वापरलं जाईल, अशा शंका येतात, आणि त्या शंकांना इथे १९५६ पासूनचा इतिहास आहे. १ नोव्हेंबरला याच शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी माणसं काळा दिवस पाळतात. त्या आठवड्यात भाषेसंबंधी माहिती गोळा करू नका, कारण दोन्ही बाजूंची उत्तरं त्या दिवसांची असतील. एरवीही ‘घरात कोण कोण कुठल्या भाषेत बोलतं?’ असं शेवटी विचारा आणि एकाहून जास्त भाषा लिहायला जागा ठेवा. आजीशी मराठी, दुकानात कन्नड, शेजारणीशी दखनी, असं घर इथे नवलाचं नाही.

प्रश्नावली घ्यायचीच असेल तर

ताण, नैराश्य, चिंता या विषयांची मुलांना ओढ असते, कारण ते त्यांच्या घरात असतं. ती ओढ खरी आहे म्हणून जास्त जपायला हवं. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची मापनी सहज मिळते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला समोरच्या काकांनी ‘हो’ म्हटलं तर वीस वर्षांच्या मुलाने त्या क्षणी काय करायचं? याची तयारी नसेल तर ती मापनी मुलांच्या हाती देऊ नका. नुसतं स्वास्थ्य मोजायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची मापनी पुरते. कुठलाही विषय असो, प्रत्येक संमतिपत्रावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक छापा. सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. आणि मुलांना वाटेत कुणाचं बोलणं ऐकून स्वतःलाच जड वाटलं, तर त्याच दिवशी तुम्हाला येऊन भेटायचं, हेही पक्कं करा.

भाषांतराची रीत साधी आहे. एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक बघायचा. कन्नडसाठीही तसंच. पण एवढ्याने काम भागत नाही. परतीच्या भाषांतरात ‘खिन्न’ अगदी बिनचूक उतरतो, आणि वडगावच्या मावशीला मात्र तो लागत नाही. म्हणून पाच-सहा जणांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, “तुम्हाला यातून काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा.” मुलं तिथे जे टिपून आणतात ते अनमोल असतं. ‘औदासीन्य’ला उत्तर आलं होतं, “म्हणजे कशात जीव लागंना, तसं?” आमच्या पुढच्या प्रश्नावलीत तेच शब्द गेले. ‘चिंताग्रस्त’पेक्षा ‘टेन्शन’ इथे सर्वांना कळतं, मराठी घरातही आणि कन्नड घरातही. तो शब्द परका म्हणून गाळू नका.

पर्यायांचीही अडचण येते. ‘क्वचित’, ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’ या तिन्हींना तोंडी उत्तर एकच मिळतं: “होतंय की.” आम्ही पाच पेल्यांची चित्रं काढली, रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्यापर्यंत, आणि बोट ठेवायला सांगितलं. असे बदल केल्यावर मूळ मापनीचे ‘इतक्या गुणांवर नैराश्य’ असले आकडे आपल्याला लागू होत नाहीत, हे मुलांच्या मनावर बिंबवा. मापनीच्या मूळ कर्त्यांची परवानगी लागते का, तेही आधी बघा.

आकडे

यात फार अडकू नका. दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी करायच्या आणि जुळवून पाहायच्या. जास्प आणि जामोवी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. गणिताआधी आलेख काढा. ३६ ठिपके कागदावर मांडल्यावर मुलं जे बोलतात, ते पी-मूल्य (मुळात फरक नसताना असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) बघून बोलत नाहीत. फरक दिसला नाही तर तसंच लिहायचं. बंद पाकीट त्या दिवशी सर्वांसमोर उघडा.

नाव आणि परतफेड

कुणी काय केलं याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा: कल्पना, साहित्य, भाषांतर, माहिती गोळा करणं, नोंदी, लेखन. शोधनिबंध झाला आणि मुलांनी विचारात व लेखनात वाटा उचलला असेल, तर लेखक म्हणून त्यांचं नाव गेलंच पाहिजे. नुसते आभार मानून ते काम फिटत नाही. पैसे भरून चार दिवसांत छापून देणाऱ्या नियतकालिकांचे मेल येतील. मुलांची पहिली ओळ तिथे जाऊ देऊ नका. कॉलेजच्या फलकावर मराठी-कन्नड दोन्हींत लावलेलं भित्तिपत्रक त्याहून लाख पटीने बरं.

ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे परत जा. मागाच्या घरात मुलं निकाल सांगायला गेली तेव्हा एका मावशीने माग थांबवून ऐकून घेतलं. विचारायला गेलो होतो तेव्हा तिला वेळ नव्हता.

आणि विभागात एक खोकं ठेवा. कार्डं, कोरी संमतिपत्रं, क्रमांकांची पद्धत आणि एक वही, ज्यात चुका आणि निर्णय तारखेसह लिहिलेले आहेत. नवी बॅच आली की पहिल्या बैठकीत तेच उघडायचं. आमच्या वहीत तिसऱ्या पानावर ‘हळदि’ शब्द का ठेवला याची कारणं आहेत आणि त्याखाली अर्धं पान कोरं सोडलेलं आहे, पुढच्या गटाला ते पटलं नाही तर लिहायला.